सवालातलं निळं पिंप

माझ्या माशांना आमच्या घरात कुणी मासे म्हणत नसे, 'शकूचं खूळ' म्हणत. "शकूच्या खुळाला पाणी झालं का गं?" असं माय चुलीपुढून विचारायची आणि मला त्याचा राग यायचा नाही, कारण घरात तेवढी एकटीच विचारणारी होती. घर पक्कं शाकाहारी, अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि ओसरीवर काचेच्या पेटीत मासे फिरतायत, हे कमलनगरातल्या आमच्या शेजारणींच्या पचनी पडत नव्हतं. "खायाचे न्हाईत तर पाळायलीस कामून?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला, की शेवटी मी उलटं विचारू लागले, "तुम्ही दारातल्या मोगऱ्याची भाजी करता का?" त्यावरून पोरगी उद्धट आहे असं माझं नाव झालं. एकदा असं नाव झालं की माणसाला पुढं फार सोपं जातं, कुणी आपल्याकडून गोड बोलण्याची अपेक्षाच ठेवत नाही. मी त्या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला.

मासे आले ते हिवतापवाल्यांच्या कृपेने. डासांच्या अळ्या खातात म्हणून त्यांनी गावच्या हौदात गप्पी मासे सोडले होते. त्यातले थोडे मी जेवणाच्या डब्यात धरून घरी आणले. आधी ते लोणच्याच्या बरणीत राहिले. मग थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, उदगीरच्या एका फोटोफ्रेमवाल्याकडून काचेची पेटी जोडून आणली. जीपमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसला होता बिचारा, आणि शेजारच्या माणसाने विचारलं तर लाजून "देव्हारा हाय" म्हणाला. पेटी ओसरीच्या कोपऱ्यात बसली. ओसरीच्या पलीकडे अप्पांचं दुकान होतं, बियाण्याचं, खताचं आणि फवारणीच्या औषधांचं. सकाळी रस्त्यावरून जीपवाल्यांचं "औराद, औराद, ठाणाकुशनूर" सुरू व्हायचं, तव्यावर भाकरी फुगायची, माय शेंगाची चटणी कुटत असायची आणि या सगळ्यातून दुकानाचा एक उग्र दर्प घरभर फिरायचा. बाहेरचं कुणी आलं की नाकाला पदर लावायचं. आम्हाला तो कळतही नसे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या घराचा नाकावर फार भरवसा होता, आणि ते नाक कुठं मुरलेलं होतं हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

पाण्याची तऱ्हा अशी होती, की नळ रोज येत नसे. यायच्या आधी तोंडातून नुसती हवा सोडून फुसफुसायचा, आणि तो आवाज झाला की गल्लीतली प्रत्येक बाई हातातलं काम टाकून भांडी घेऊन धावायची. भांड्यांचेही मानपान होते. देवाची कळशी वेगळी, पिण्याचा तांब्याचा हंडा वेगळा, वापरायच्या पाण्याला पत्र्याची टाकी, म्हशीला दगडी डोणी. या उतरंडीत माशांचं स्थान कुठंच नव्हतं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसे इतकं ते जड. नळाच्या पाण्यात पंचायतीचा माणूस जंतू मारायची टीसीएल पावडर ओतायचा ती अशी हात सोडून, की पाणी प्यालं तर जीभ चरचरायची. तसं ताजं पाणी माशांना घातलं की ते वर येऊन तोंड उघडझाप करत. ते पाणी उघडं ठेवून मुरवावं लागे, वास उडू द्यावा लागे, आणि त्यासाठी मला स्वतःची भांडी हवी होती. मायने एकदा दया येऊन तांब्याची घागर देऊ केली. मी नको म्हटलं. तांब्यातलं पाणी माणसाला गुणाचं असेल, माशाला ते बाधतं, हे मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून ऐकलं होतं. झालं, "राणीच्या माशाला तांबंबी चालंना" असं गल्लीभर झालं.

मग मी दुसऱ्यांच्या टाकून दिलेल्या भांड्यांच्या मागे लागले. हलवायाकडचे तेलाचे डबे, किराणा दुकानातले खायच्या तेलाचे प्लास्टिकचे कॅन, गुळाच्या पाकाची पिंपं, पापडवाल्या बाईकडची मोठी बरणी. पत्र्याचे डबे गंजले म्हणून सोडून दिले. साबणाने घासलेल्या एका कॅनने माझे मासे आडवे केले, तेव्हापासून साबण बंद. गरम पाणी, खायचा सोडा, काथ्या आणि ऊन. भांडं धुऊन भरायचं, झाकण लावून उन्हात ठेवायचं, संध्याकाळी उघडून वास घ्यायचा, पाणी झाडाला ओतायचं आणि पुन्हा भरायचं. असं वास पूर्ण जाईपर्यंत. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट होती, आणि तिच्यावाचून पुढचं धुणंबिणं सगळं फुकट: देणाऱ्याला विचारायचं, यात आधी काय होतं? खायची वस्तू होती असं सांगितलं तरच हात लावायचा. सांगता येत नसेल तर भांडं कितीही चकचकीत असो, राम राम म्हणायचं आणि घरी यायचं. आता मी कलबुर्गीत राहते, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि आजही माझ्या व्हरांड्यात कुणाची तरी नातवंडं एखादा रिकामा कॅन घेऊन येतात. "टीचर, माशाच्या पाण्याला हा चालेल का?" मी कॅनकडे बघतही नाही. कुठून आणला ते विचारते. निम्मी पोरं तिथंच परत फिरतात.

त्या वर्षी वहिनी बाळंत झाली. ती अफजलपूरची, भीमेकाठची, उसाच्या गावची. बोलणं इतकं कमी, की लग्न झाल्यावर कितीतरी दिवस शेजारणींना ती मुकीच वाटली होती. अप्पांसमोर तर ती शब्दही काढत नसे. त्यांना काही सांगायचं असलं की दाराआडून बांगड्या वाजवायची. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली होती, बारसंही तिकडंच झालं, आणि माझी परीक्षा आल्यामुळे माझ्या वाट्याची आत्यागिरी माझ्या चुलत बहिणीने, सुमनने, उरकून घेतली. आमच्याकडं बाळाचं नाव कानात सांगायचा मान आत्याचा. तो हुकला म्हणून मी अन्नावर राग काढला होता. या वेळी मात्र बाळंतपण आमच्या घरी होतं, मुलगी झाली होती, आणि मी वहिनीला आधीच बजावून ठेवलं होतं की या खेपेला पाळण्यापाशी दुसरं कुणी दिसलं तर मी बारसं उधळून लावीन. ती नुसती हसली. घरात डिंकाच्या लाडवांचा आणि शेपूच्या भाजीचा वास भरला होता, बाळ रात्रीचा दिवस करत होतं, आणि बारशाला अफजलपूरपासून उदगीरपर्यंतची माणसं येणार, तर एवढ्यांना पाणी कुठून पुरवायचं या चिंतेत माय होती.

नेमकी त्याच सुमारास गावच्या देवळाची जत्रा आली. जत्रा संपली की देवळापुढं सवाल होतो. लोकांनी वर्षभर देवाला वाहिलेल्या वस्तू, नारळ, धोतरं, समया, कधी एखादं वासरू, पुजारी एकेक करून हातात घेतो आणि लोक बोली लावतात. जो घेईल त्याच्या घरी देवाची वस्तू गेली, असा मान. त्या वस्तूला कुणी वापरलेली म्हणत नाही. बाजारात जुनं धोतर कुणी हातात धरणार नाही, पण सवालातलं धोतर डोक्याला बांधून मिरवतात. त्या वर्षी ठाणाकुशनूरच्या मल्लप्पा अण्णांनी एक भलंमोठं निळं पिंप देवाला वाहिलं होतं. पाच-सहा बायकांच्या घागरी रिचवील असं, जाड प्लास्टिकचं, झाकणाला लोखंडी कड्याची पट्टी असलेलं. अण्णा मोठे बागायतदार, दोन मालमोटारींचे धनी, त्यांच्या शब्दाला आसपासच्या गावांत वजन. पिंप जत्रेत भाविकांच्या पाण्यासाठी ठेवायचं होतं, पण त्याआधीच जत्रा पांगली आणि ते पाण्याचा थेंबही न भरता सवालात आलं. अप्पांनी चढती बोली लावून ते घेतलं. बँडवाल्यांनी देवळापासून आमच्या दारापर्यंत वाजवलं. मायने पिंपाला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं, आणि सैपाकघरातल्या कोपऱ्यात गवऱ्या काढून त्याला जागा केली. अप्पा ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "नातीचं नशीब बगा, तिच्या बारशाचं पाणी देवाच्या पिंपातलं."

मला पिंप बघून आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. एवढं मोठं भांडं, झाकणाचं, माझ्या माशांची महिन्याची ददात मिटली असती. अप्पाही त्या दिवशी खुशीत होते, "शके, तुझ्या खुळालाबी ह्यातलंच पाणी घाल," म्हणाले. मी सवयीने पिंपाभोवती फिरले. पुढच्या अंगाला, जिथं मायने हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, तिथलं प्लास्टिक खरखरीत लागलं. तिथं काहीतरी चिकटवलेलं होतं आणि ते कुणीतरी पात्याने खरवडून काढलं होतं. आत डोकावलं तर तळापासून वीतभर वर एक पिवळसर रेघ सबंध गोल फिरलेली. मी झाकण लावून पिंप परसात उन्हात ढकलत नेलं, आणि ऊन कलल्यावर उघडून तोंड आत घातलं. गोडसर वास आला. फळाचा नाही, फुलाचा नाही, औषधाचाही नाही. तसा वास मी तोवर घेतला नव्हता. मायला बोलावलं. ती म्हणाली, "धुपाचा हाय." दादाला बोलावलं. तो म्हणाला, "मला तर कायबी येईना." अप्पांनी आत वाकून एक लांब श्वास ओढला आणि म्हणाले, "काय न्हाई. चांगलं हाय."

"अप्पा, ह्यात आदुगर काय होतं?" मी विचारलं.

"देवळात होतं."

"देवळाच्या आदुगर?"

"शके, देवाच्या वस्तूला नाव ठिवायलीस?"

"नाव न्हाई ठिवायले. काय होतं ते ईचारायले."

अप्पांचा आवाज चढला. माझ्या वडिलांना लोक शांत म्हणायचे, आणि ते होतेही. त्यांच्या दुकानातून फवारणीचं औषध घेऊन जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते दम भरल्यासारखं सांगायचे, "रिकामा डबा घरात ठिवू नगा, धुऊनबी पाण्याला लावू नगा, भोक पाडा अन् पुरून टाका." शेतकरी मान डोलवायचे आणि घरी जाऊन त्याच डब्यात घासलेट भरायचे. अप्पा चिडायचे, "वास गेला की झालं म्हणतेत, अडाणी लेकाचे." मी हे त्यांना तिथं, परसात, सगळ्यांदेखत आठवून दिलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगता ना, वास गेला म्हणजे विष गेलं असं न्हाई. ते म्हणाले, ते औषधाचे डबे, हे देवाचं पिंप. मी म्हटलं, देवाने कुठं भरलं होतं हे, कुणी तरी माणसानेच भरलं असणार. माय मधे पडली, "गप बस की गं, सणासुदीचं." दादाने आपल्या परीने तोड काढली. तो म्हणाला, "येवढं भ्या वाटायलंय तर त्यात पाणी भर अन् तुझा एक मासा सोड. मेला तर तू खरी, जगला तर अप्पा खरे." सगळ्यांना ते पटलं. अप्पाही म्हणाले, "व्हय, सोड."

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी घाबरले, हरणार म्हणून. तसं नव्हतं. मासा पाण्यात टाकून, तो मरतोय का बघत त्याच्याभोवती उभं राहायचं, आणि तो जगला तर ते पाणी वहिनीला, बाळाला, साऱ्या पाहुण्यांना पाजायचं? जी गोष्ट गप्पीला एका दिवसात मारणार नाही ती बाळंतिणीला काही करणार नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? गप्पी तर गटारातही जगतात, म्हणून तर हिवतापवाले त्यांना कुठंही सोडतात. "मासे मी साक्षीला आणलेले न्हाईत," मी म्हटलं. "पिंपाचं मागचं सांगा, मी गप बसते." अप्पा म्हणाले, उद्या नळ आला की पिंप भरायचं, आणि यावर घरात पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. त्यांनी स्वतः पिंप उचलून परत सैपाकघरात नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळ फुसफुसायला लागला. माय हंडे घेऊन पुढं धावली, अप्पा दुकानात गिऱ्हाईक करत होते, दादा नळाला पाइप जोडत होता, पाइपचं दुसरं टोक सैपाकघरात पिंपात सोडायचं होतं. ते धरायला मला बसवलं होतं. चुलीत निखारे होते आणि दुकानात डब्यांना भोकं पाडायची अप्पांची सळई दाराआड टेकून ठेवलेली होती. मी ती निखाऱ्यात घातली. लाल झाल्यावर पिंप आडवं केलं आणि तळाला आरपार नेली, मग अंगाला, मग पुन्हा तळाला. प्लास्टिक चरचरत वितळलं, निळा धूर झाला, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ रडायला लागलं. पाइपातून पाणी आलं ते पिंपात पडून तळातून सैपाकघरभर पसरलं. माय धावत आली तेव्हा मी त्या पाण्यात सळई हातात धरून उभी होते. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण मजाही वाटत होती. आता ते पिंप कुणाच्याही बापाला भरता येणार नव्हतं.

अप्पांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर सोपं झालं असतं, गल्लीतल्या बायका मधे पडल्या असत्या आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. ते पिंपाकडं बघत राहिले आणि बाहेर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत ठाणाकुशनूरला बातमी पोचली, की कमलनगरच्या दुकानदाराच्या पोरीने देवाचं पिंप जाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातून निरोप आला, पोरीला घेऊन या. निघताना अप्पा इतकंच म्हणाले, "देवापुढं नाक घास, चूक झाली म्हण अन् मोकळी हो. तसं केलंस तरच बारशाला पाळण्यापाशी उभी ऱ्हाशील. न्हाई तर नाव सुमन ठिवील." माय दारात उभी होती. तिने माझ्या डोक्यावरून पदर नीट केला आणि कानात म्हणाली, "म्हण की एकदा. तोंडानं म्हणायला काय जातंय?"

देवळात पुजारी होते, चार-दोन जुनी माणसं होती, आणि मल्लप्पा अण्णा पायरीवर पाय सोडून बसले होते. मला वाटलं होतं ते गरजतील. पण ते हसत होते, लहान पोरीच्या खोडीला मोठी माणसं हसतात तसं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. पुजाऱ्यांनी गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडं बोट केलं. मी उंबऱ्यापाशी गेले, वाकून डोकं टेकलं, उठले आणि वळले.

"देवाला मी कवाबी नाक घासीन," मी म्हटलं. "पण पिंप मी फोडलं, अन् कामून फोडलं ते ऐकून घ्या. देवळात यायच्या आदुगर त्यात काय होतं, ते तुमच्यापैकी कुणीबी एकानं सांगावं."

पुजाऱ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "माझ्या ड्रायव्हरनं आणलं बिदरवरून. दणकट दिसलं, म्हणलं देवाला द्यावं."

"त्यात काय होतं?"

"रिकामंच होतं की."

"रिकामं व्हायच्या आदुगर, अण्णा."

"आता ते मला काय ठाव? भंगारातनं आणलं असंल." मग त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण ते हसायचे थांबले. "पोरी, देवाला दिलेल्या वस्तूचं कूळ ईचारायलीस तू?"

"कूळ न्हाई ईचारायले. खायचंच काई होतं असं ठाव असतं तर मी घासून, उन्हात वाळवून घेतलं असतं. तुम्हाला ठाव न्हाई, पुजारी काकाला ठाव न्हाई, माझ्या अप्पाला ठाव न्हाई. अन् पाणी पिणार आमची बाळंतीण. मग चूक माझी कशी?"

मी अप्पांकडं बघितलं. ते देवाकडं बघत होते. मी पुन्हा एकदा उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि चपला घातल्या. येताना ते माझ्यापुढं चालत होते, झपझप, आणि घर दिसायला लागलं तेव्हा मागं न वळता म्हणाले, "नाव सुमन ठिवील." मला रडू आलं. लोकांना वाटतं, हट्टी माणसाला काही लागत नाही. चांगलंच लागतं, फक्त त्यावरून तो हट्ट सोडत नाही एवढंच. एका शब्दाने मी ते टाळू शकले असते, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या पिंपात काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. साखरेचा पाक असेल, कातड्याला लावायचं रसायन असेल. भाचरं विचारतात, "आत्या, शेवटी काही निघालं का?" त्यांना गोष्टीचा तसा शेवट हवा असतो, कुणीतरी पुरावा आणावा आणि आत्या खरी ठरावी. पुरावा आला नाही. मला तो लागलाही नाही. ज्याचं मागचं कुणालाच सांगता येत नाही, त्यात पिण्याचं पाणी भरायचं नाही, एवढं मला पुरेसं होतं आणि आहे. उद्या पुन्हा तसं पिंप दारात आलं तर मी पुन्हा सळई तापवीन.

बारशाला पाणी लागलंच. मायने मला न विचारता परसातले माझे सगळे कॅन आणि बरण्या आत नेल्या, आणि अफजलपूर, उदगीरच्या पाहुण्यांनी माझ्या माशांच्या वाटणीचं मुरलेलं पाणी पिऊन "पाणी लई गोड हाय हो तुमच्याकडचं" म्हटलं. मी परसात घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी बसून द्रोण भरत होते. माजघरात पाळणा सजला होता, बायकांची गर्दी झाली होती, ओसरीवर पुरुषमंडळी, त्यांच्यात अप्पा. सुमन नवी साडी नेसून पाळण्यापाशी उभी होती. बिचारीचा यात काही दोष नव्हता, तिलाही अवघडल्यासारखं झालं होतं. पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि मधेच थांबली. मला वाटलं बाळ रडत असेल. मग वहिनीचा आवाज आला. मी तो आधी ओळखलाच नाही, कारण तो इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

"शकूताई कुठं हाईत?"

"ती मागं घुगऱ्या भरायलीय," कुणीतरी म्हणालं. "दे बाळ सुमनकडं, मुहूर्त टळंल."

"त्यांना बोलवा."

"आगं, मामंजींनी सांगितलंय ना तुझ्या," मायचा आवाज दबका.

"मला ठाव हाय काय सांगितलंय," वहिनी म्हणाली, आणि आता ती भिंतीपलीकडच्या ओसरीला ऐकू जावं असंच बोलत होती. "ते पाणी मी पिणार होते. माझ्या दुधातनं हिला जाणार होतं. घरात एवढी मोठी माणसं, ह्यात काय होतं म्हणून एकानं तरी ईचारलं का माझ्यासाठी? शकूताईंनी ईचारलं. माझ्या लेकराची आत्या त्याच. त्या आल्याबिगर मी हिला पाळण्यात घालायची न्हाई."

ओसरीवर कुणाचीतरी सुपारी कातरायची थांबली. मी हातातला द्रोण तसाच धरून बसले होते, घुगऱ्या सांडत होत्या. अप्पा काय म्हणतात याची सगळं घर वाट बघत होतं. ते व्हय म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने माय परसात आली. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा रागाचा होता.

"चल," ती म्हणाली.

"अप्पा?"

"चल म्हणायले ना."

मी हात पुसले आणि तिच्यामागून गेले. सुमन आनंदाने बाजूला झाली. वहिनीने बाळ पाळण्यात ठेवलं, माझ्याकडं बघितलं नाही. बाळाच्या अंगाला तेलाचा आणि धुरीचा वास येत होता. मी वाकले, तिच्या इवल्या कानाशी तोंड नेलं, वहिनीने ठरवलेलं नाव सांगितलं आणि कुर्रर्र केलं. आमच्यात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात, तशी रीतच आहे, हसत हसत हलक्या हाताने घालायचे. त्या दिवशी पाठीवर चहूकडून हात पडले, आणि त्यातला एक असा बसला की माझा श्वासच अडकला. मी वळून बघितलं. तो मायचा होता.